खांद्याच्या रेषेखाली

यंदाच्या पाडव्याला अण्णांनी गुढीची काठी दादाच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता यापुढे तूच उभारत जा." घरातले सगळे क्षणभर गप्प झाले. वहिनीचे डोळे भरून आले, काकांनी दादाच्या पाठीवर थाप मारली आणि कोणीतरी घाईघाईने फोटो काढला. घरची रीत पुढच्या पिढीकडे सोपवण्याचा हा प्रसंग आहे, असे सर्वांनी मनोमन ठरवून टाकले आणि अण्णांनीही तो समज दूर करण्याची तसदी घेतली नाही. माझे लक्ष मात्र त्यांच्या उजव्या हाताकडे गेले होते. काठी पलंगावर आडवी ठेवून तिला खण बांधून झाला होता, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी लावून झाली होती, आणि टोकावर तांब्याचा गडू पालथा घालायचा तेवढा राहिला होता. आयुष्यभर उजव्या हाताने सगळे करणाऱ्या अण्णांनी तो गडू डाव्या हाताने घातला. मग त्याच डाव्या हाताने उजव्याला कोपराखाली आधार देऊन तो पोटाशी घेतला आणि तसाच धरून ते खिडकीपाशी उभे राहिले.

कोपराखालचा तो आधार मला दिवसभर खुपत राहिला.

श्रीखंड-पुरीचे जेवण होऊन मंडळी लवंडल्यावर मी घरातून एक चक्कर मारली, आणि नेहमीच्याच वस्तू नेहमीच्या जागी नाहीत असे जाणवू लागले. मोरीच्या दाराजवळच्या खुंटीवर अण्णांचा पंचा नव्हता. तो खुर्चीच्या पाठीवर होता. डोक्यातून घालायचे त्यांचे सदरे कपाटात घडी मोडलेली नसल्याने पिवळट पडू लागले होते आणि दोरीवर वाळत होते ते सगळे समोरून बटणे लावायचे शर्ट. रेडिओ फडताळाच्या वरच्या फळीवरून उतरून खिडकीच्या कट्ट्यावर आला होता. दाढीचे सामान, चष्म्याचे घर, पंचांग, औषधांचा डबा, सगळेच हातभर खाली सरकले होते. एखाद्या घरात पुराचे पाणी किती चढले होते ते भिंतीवरच्या रेषेवरून कळते, तशी एक रेषा आमच्या घरात उमटली होती आणि ती अण्णांच्या खांद्याच्या उंचीवर होती. त्या रेषेच्या वरचे जग त्यांनी कोणालाही न सांगता सोडून दिले होते. गंमत म्हणजे आईच्या ते लक्षातही आले नव्हते, कारण प्रत्येक वस्तू हलवताना अण्णांनी तिला एक वेगळे आणि अगदी पटण्याजोगे कारण दिले होते. रेडिओ खिडकीशी नीट लागतो, सदऱ्यात उकडते, पंचा खुर्चीवर लवकर वाळतो.

संध्याकाळी खोदून विचारल्यावर बाहेर आले ते असे. दिवाळीच्या आसपास माडीवरून उतरताना त्यांचा पाय एका पायरीवरून सुटला. पडू नये म्हणून त्यांनी उजव्या हाताने कठडा धरला आणि सगळे अंग त्या एका हाताला लोंबकळले. पडले नाहीत. लागलेही नाही. खांद्यात काहीतरी तट्‌कन वाजले एवढेच, आणि मग "जरा लचकलंय, जाईल आपोआप" असे स्वतःला सांगत त्यांनी बाम चोळला, शेक घेतला आणि वाट पाहिली. पडले असते तर घरात धावपळ झाली असती, एक्स-रे निघाला असता, कोणीतरी रजा काढली असती. पडण्यापासून वाचलेल्या माणसाची विचारपूस करण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

सोनोग्राफीत जे दिसले ते डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीत बसतो ती उथळ, इतकी की कोणत्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव किंवा तिसरा हिस्सा तिला टेकलेला असतो. खुब्याचा सांधा खोल वाटीत घट्ट बसलेला असतो आणि म्हणून भक्कम असतो. खांद्याने भक्कमपणा देऊन मोकळीक घेतली आहे. तो गोळा जागेवर धरून ठेवण्याचे काम खोबणीपेक्षा भोवतालच्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणारे चिवट पट्टे, करतात, आणि त्यांतली वरची कंडरा हाडाच्या छपराखालच्या चिंचोळ्या जागेतून जाते. हात शेकडो वेळा वर-खाली होताना ती तिथे घासते, वयाबरोबर विरळ होत जाते आणि मग एखाद्या झटक्यात फाटते. साठी-सत्तरी उलटलेल्या कित्येकांच्या खांद्यात अशी चीर असते आणि त्यांना तिचा पत्ताही नसतो, हे ऐकून अण्णांना जरा बरे वाटले. मला वाटले नाही. उभी हयात फळ्यावर लिहिण्यात गेलेला हा माणूस. वर्गात शिरताच फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख घालणारा त्यांचा हात मला अजून दिसतो. त्या तारखांचा या चिरेशी काही संबंध आहे का, हे विचारण्याचा मोह मी आवरला, कारण उत्तर काहीही आले असते तरी त्याचे करायचे काय होते?

डॉक्टरांनी हात बाजूने वर उचलायला सांगितला. अण्णांनी उचलला, आणि मी प्रथमच नीट पाहिले की ते हात उचलतच नव्हते. कमरेवरचे अंग डावीकडे झुकत होते, पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचे चपटे हाड, कानाकडे चढत होता आणि हात त्यांच्यामागून ओढला जात होता. निरोगी माणसाचा हात कानाला लागेपर्यंत वर जातो तेव्हा त्या १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश फऱ्याच्या सरकण्यातून येतात. सांधा दुखला की फरा आणि कंबर न सांगता जास्तीचे काम अंगावर घेतात, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटते की हात तर वर गेला. साधारण ६० अंशांपासून पुढे अण्णांचा चेहरा बदलला, ओठ आवळले गेले, आणि १२० च्या पलीकडे तो पुन्हा सैल झाला. दुखणे सगळ्या वाटेवर नव्हतेच. मधल्या टप्प्यात होते. खाली आणताना मात्र तोच टप्पा त्यांना चढण्यापेक्षा कठीण गेला आणि त्यांनी पुन्हा डावा हात कोपराखाली घातला. आपण रोज जे काही करतो, फळीवरून डबा काढणे, भांग पाडणे, दाराची वरची कडी लावणे, डोक्यावर तांब्याने पाणी घेणे, ते नेमके त्या मधल्या टप्प्यात येते.

हे सगळे ऐकताना आई शांत बसली होती. तिला यातले काहीच नवे नव्हते. तिच्या पन्नाशीत, मधुमेह निघाल्यानंतर काही काळाने, तिचा डावा खांदा आखडला होता. तिला कुठे मार लागला नव्हता, ती कुठे घसरली नव्हती. आधी रात्रीचे दुखणे सुरू झाले. त्या कुशीवर वळले की जाग यायची आणि मग ती उशी छातीशी घेऊन आरामखुर्चीत बसून राहायची. नंतर दुखणे ओसरले तसा हात जागच्या जागी थिजत गेला. सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आक्रसते आणि हात कोणत्याच दिशेला धड जात नाही, कोणी दुसऱ्याने उचलून पाहिला तरीही. अण्णांच्या चिरेत आणि आईच्या आखडण्यात हाच फरक होता. अमेरिकेतले शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये या दुखण्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हटले आणि हे सांगायला अवघड, बरे करायला अवघड आणि का होते ते समजावायलाही अवघड, अशी प्रामाणिक कबुली दिली. आपल्याकडे सुश्रुताने अवबाहुक नावाच्या खांद्याच्या विकाराचे वर्णन करताना खांद्यातला वायू तिथली बंधने सुकवतो आणि शिरा आक्रसून टाकतो असे लिहून ठेवले आहे. इतक्या शतकांच्या अंतराने दोघांनीही आक्रसणेच पाहिले, याचे मला नवल वाटते. मधुमेही माणसांत हे दुखणे इतरांहून बरेच जास्त आढळते, पण आईला त्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते. तिने वर्षभर ते 'बाईपणाचे' म्हणून सोसले.

तिचे ते वर्ष मला आठवते ते ब्लाउजमुळे. पाठीमागे हात नेणे संपले होते, त्यामुळे मागच्या हुकांचे ब्लाउज ट्रंकेत गेले आणि शिंप्याकडून समोर हुक असलेले, बाह्या सैल असलेले नवे शिवून आले. ते घालण्याचीही एक ठरलेली रीत तिने बसवली होती. आधी दुखरा हात बाहीत, मग पाठीवरून कापड ओढून घेऊन चांगला हात; काढताना उलट, चांगला हात आधी मोकळा करायचा आणि दुखऱ्या हातातून बाही शेवटी उतरवायची. पुढे फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला हेच शिकवायला घेतले तेव्हा ती हसली होती. पदर खांद्यावर टाकण्याची ती एक झोकदार हालचाल मात्र गेली. उजव्या हाताने पदर उचलून डाव्या खांद्यावर ठेवायचा, पाठीवर सोडलेले टोक डाव्या हाताने ओढून सारखे करायचे, यातला दुसरा भाग तिला जमेना. ती कुणाला तरी हाक मारी, आणि घरात कोणी नसले तर पदर मागे वेडावाकडा लोंबत राही. अंबाडा घालणे सुटले. एके दिवशी ती खांद्यापर्यंत केस कापून आली आणि कॉलनीतल्या सगळ्यांनी "किती तरुण दिसता" म्हणून तिचे कौतुक केले. तिने ते हसून घेतले. दीड-दोन वर्षांनी तिचा खांदा बराचसा सुटला, हात वर जाऊ लागला, पण केस तिने पुन्हा वाढवले नाहीत.

आमच्या घरातल्या खांद्यांचा विचार करताना आजीपर्यंत मागे जावेच लागते. ती साताऱ्याच्या जुन्या घरात तुळशीपाशी शेवाळावर घसरून उजव्या कुशीवर पडली आणि दंडाचे हाड वरच्या टोकाशी मोडले. उतारवयात हाडे ठिसूळ झाल्यावर उभ्या जागी पडूनही जी हाडे मोडतात त्यांत खुबा आणि मनगट यांच्या खालोखाल याच हाडाचा क्रम लागतो. हाडवैद्याने लेप लावून, कामट्या बांधून हात गळ्यात अडकवून दिला आणि तो कितीतरी दिवस तसाच राहिला. आजच्या लोकांना हे रानटी वाटते, पण शस्त्रक्रिया झाली असती तर सगळे ठीक झाले असते असेही नाही. २०१५ साली ब्रिटनमधील २५० रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात, हे हाड मोडून सरकलेल्यांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया झाली आणि ज्यांचा हात फक्त झोळीत ठेवला, त्यांच्यात दोन वर्षांनंतर म्हणण्यासारखा फरक आढळला नव्हता. आजीचे नुकसान कामट्यांनी केले नाही. झोळी वेळेत काढून हात हळूहळू हलता करायचा असतो, हे तिला कोणी सांगितले नाही, त्याने केले. हाड जुळले, पण हात छातीच्या वर पुन्हा गेला नाही.

आणि घराने तिच्याभोवती आपले शिष्टाचार बदलले. हळदीकुंकवाला उंच सुना तिच्यासमोर मान खाली घालून, गुडघ्यातून किंचित वाकून उभ्या राहत, म्हणजे तिचे बोट कपाळापर्यंत पोहोचे. पाहुण्या बायकांना त्यात सासूविषयीचा आदर दिसे. आरतीचे ताट ती पोटासमोर लहान लहान फेऱ्यांनी ओवाळी. नातवंडांच्या डोक्यावर ठेवायचा हात तिने गालावर आणला. माझ्या पिढीतल्या आम्हा सगळ्यांना आजी म्हणजे गालावरचा खरखरीत तळवा असेच आठवते, आणि तो तिच्या मायेचा खास प्रकार आहे अशीच आमची समजूत होती. कदाचित तसे होतेही. मोडलेल्या हाडाने जागा ठरवली म्हणून माया कमी होत नाही, पण पाडव्यानंतर हे सगळे मला दोन्ही बाजूंनी दिसू लागले आहे आणि त्यातले कोणते खरे मानावे, हे ठरत नाही.

खांद्याचे दुखणे हातापुरते राहत नाही, हे मी फिजिओथेरपी केंद्राच्या बाकावर बसून शिकले. तिथे येणारी बरीचशी म्हातारी माणसे चालण्याची तक्रार घेऊन आली आहेत असे वाटे, आणि दुखत असे खांदा. तरुण माणूस खुर्चीतून पायांच्या बळावर उठतो. सत्तरीतला माणूस दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रेटून उठतो. एक हात निकामी झाला की उठणे तिरके होते, तोल एका बाजूला जातो, आणि एकदोनदा तोल गेला की माणूस उठणेच कमी करतो. खाटेवरून, भारतीय पद्धतीच्या संडासातून, रिक्षातून, सगळीकडून उठताना आपण काहीतरी धरतो, आणि ते बहुधा दुखऱ्याच बाजूला असते. काठीची गोष्ट त्याहून विचित्र. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात घ्यायची असते, म्हणजे दुखऱ्या पायाचा भार वाटून जातो. पण डावाच खांदा गेलेला असला तर? अशा एक आजी तिथे येत. त्या काठी उजव्या हातात, दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरीत आणि प्रत्येक पावलाला अधिकच लंगडत. त्यांच्याबरोबर येणारा नातू दर वेळी म्हणे, "आजी, काठी दुसऱ्या हातात घे ना," आणि त्या दर वेळी काठी दुसऱ्या हातात घेत, दोन पावले टाकीत आणि परत पूर्वीच्या हातात घेत. वॉकर दिला तर त्यालाही दोन हात लागतात.

अण्णांचा व्यायाम पाहायला मला आवडत नाही, तरी मी बसते. कमरेतून वाकून, डावा हात टेबलावर टेकवून, उजवा हात खाली सैल सोडायचा आणि अंगाच्या हेलकाव्याने तो फिरू द्यायचा. हाही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा व्यायाम. मग टेबलावर फडके ठेवून त्यावर तळवा पुढे सरकवायचा. मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढायची. भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत आणि प्रत्येक खुणेशी, मास्तरच ते, बारीक अक्षरात तारीख घातली आहे. खुणा सरळ चढत गेलेल्या नाहीत. मध्येच तीन-चार एकमेकांवर पडल्या आहेत, एक बरीच खाली आहे. त्या दिवशी त्यांनी कोणाचे तरी लग्नातले पाकीट उजव्या हाताने पुढे केले होते म्हणे. बोटे वरच्या खुणेजवळ पोहोचली की फरा हळूच कानाकडे निघतो आणि फिजिओच्या बाई फक्त दोन बोटे त्यांच्या खांद्यावर ठेवतात. दाबत नाहीत, नुसती ठेवतात. अण्णा ओशाळतात, खांदा खाली सोडतात आणि बोटे दोन इंच खाली येतात.

शस्त्रक्रियेचा विषय डॉक्टरांनी काढला होता आणि अण्णांनी तो मिटवला. झटक्याने झालेली चीर लवकर दाखवली असती तर विचार वेगळा झाला असता, असे डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. अण्णांनी ते ऐकले नाहीसे केले. मी त्यांच्याशी या बाबतीत वाद घालत नाही. या वयात भूल, त्यानंतर दीड महिना झोळी आणि पुढे कित्येक महिने व्यायाम, याच्या बदल्यात फळीवरचा डबा काढता येणार असेल तर तो सौदा त्यांना महाग वाटतो, आणि तसे वाटण्याचा त्यांना हक्क आहे. रात्री दुखून झोप मोडते, एवढीच त्यांची खरी तक्रार आहे. तिच्यासाठी कोपराखाली आणि पाठीमागे उशी लावून झोपण्याची युक्ती आईने सुचवली, जी तिने स्वतःच्या आखडलेल्या वर्षात शोधली होती.

दादाचा आणि माझा मात्र वाद झाला. त्याने सुताराला बोलावून सगळी फडताळे खाली घ्यायचे ठरवले होते, मोरीत शॉवरऐवजी हातात धरायचा नळ बसवायचा होता, आणि अण्णांना शर्ट घालून द्यायला सकाळी एक माणूस ठेवायचा होता. नळ आणि मोरीतली दांडी मला पटली. ओल्या फरशीवर एका हाताने सावरण्याची परीक्षा कोणी कोणाची घेऊ नये. पण बाकीचे मला पटेना. फिजिओच्या बाईंचे म्हणणे होते की जे सांधे दिवसातून कित्येकदा सहज वापरले जातात त्यांना निराळा व्यायाम कमी लागतो, आणि घरातून वर हात करण्याची सगळी निमित्ते काढून टाकली तर सकाळ-संध्याकाळच्या दहा मिनिटांनी ती भरून निघत नाहीत. दादा म्हणाला, "त्यांना दुखतं ते तुला दिसत नाही का?" दिसत होते. मलाही त्यांनी कपासाठी हात उचलण्याआधी कप त्यांच्यासमोर ठेवावासा वाटतो, आणि मी तो ठेवतेही. मदत कुठे थांबवायची याचे माप पेन्सिलीच्या खुणांसारखे भिंतीवर कुठेच काढलेले नसते.

शेवटी आईने मध्यम मार्ग काढला. जड आणि काचेच्या वस्तू खाली. हलक्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या वस्तू खांद्याच्या थोड्या वर. त्या वरच्या फळीवर तिने चिवड्याचा डबा ठेवला, अण्णांना दुपारी चहाबरोबर चिवडा लागतो म्हणून. "फिजिओची फी देतो ती पुरे नाही का, आता चिवड्यासाठीही व्यायाम?" अशी कुरकुर करून अण्णांनी दुसऱ्याच दिवसापासून तो डबा डाव्या हाताने काढायला सुरुवात केली. आता तो डावा खांदाही संध्याकाळी भरून येतो अशी त्यांची तक्रार आहे, आणि दादाने सुताराला पुन्हा फोन केला आहे.